नळाचा दिवस तोच फणीचा दिवस: उवा न जाणाऱ्या एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातले सहा जणांचे घर. आजी ६७ वर्षांची, मुलगा टॉवेलच्या कारखान्यात, सून घरी शिलाईकाम करते. नातवंडे तीन: थोरली १२ वर्षांची, धाकटी ८ वर्षांची आणि शेंडेफळ, ४ वर्षांचा नातू. ओळख पटू नये म्हणून वस्ती, शाळा आणि दवाखाना यांची नावे दिलेली नाहीत.

पुढे जे घडले ते समजायला दोन गोष्टी लागतात. पहिली, झोपण्याची मांडणी. दोघी मुली आजीजवळ, एकाच अंथरुणावर, डोक्याला डोके लावून झोपत. शेंडेफळ आई-वडिलांजवळ आतल्या खोलीत. दुसरी गोष्ट पाण्याची. त्या भागात नळाला तीन दिवसांआड पाणी येत होते. आज आले की पुन्हा चौथ्या दिवशी, तोवर पिंप आणि बादल्यांवर भागवायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मुली आठवडाभर मामाकडे राहून आल्या. नोव्हेंबरच्या अखेरीस धाकटी मानगूट आणि कानामागे खाजवू लागली. आईने भांग पाडून पाहिले, तर केसांना लिखा चिकटलेल्या आणि दोन-तीन उवा पळताना दिसल्या. मामाकडून आणल्या, असा निकाल त्याच दिवशी लागला. तो खरा असेल किंवा नसेलही. पहिल्यांदाच उवा झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. खाज उवेच्या चालण्याने होत नाही, तिच्या लाळेचे अंगाला वावडे निर्माण झाले की होते. म्हणून खाज सुरू झाली त्या दिवसावरून उवा कधी आणि कोणाकडून आल्या हे सांगता येत नाही.

तीन फसलेले प्रयत्न

पहिला प्रयत्न घरोघरी होतो तोच. खोबरेल तेलात कापूर विरघळवून रात्री डोक्याला चोपडला, सकाळी फणीने उवा काढल्या. दोन दिवस बरे गेले. तेलाने उवा सुस्तावतात, त्यामुळे फणीत जास्त सापडतात, हे खरे आहे. पण लीख तेलाने मरत नाही. ती केसाला सिमेंटासारखी चिकटलेली असते आणि सात ते दहा दिवसांत फुटते. आठवडा उलटताच धाकटीचे डोके पुन्हा खाजू लागले. शिवाय कापराची वाटी चार वर्षांच्या पोराच्या हाताला लागेल अशी उशाशीच ठेवली होती. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, हे घरात कोणालाच माहीत नव्हते.

दुसऱ्या प्रयत्नात मेडिकलमधून परमेथ्रिन १ टक्क्याचे लोशन आणले. औषध योग्य होते, वापरण्यात मात्र चार चुका झाल्या. आदल्या रात्रीचे तेल तसेच ठेवून त्यावर लोशन लावले, त्यामुळे ते केसांवरून घसरले आणि मुळापर्यंत पोचलेच नाही. ६० मिलीची एक बाटली दोघींत वाटली. एका मुलीचे केस कमरेपर्यंत होते, म्हणजे तिच्या एकटीलाच दोन बाटल्या लागल्या असत्या. लगेच दुसऱ्या दिवशी शाम्पूने डोकी धुतली, तेव्हा केसांवर राहून काम करणारा औषधाचा अंशही गेला. आणि आठ-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावायचे असते, ते लावलेच नाही. परमेथ्रिन उवा मारते, सगळ्या लिखा मारत नाही. दुसरी वेळ ही नंतर फुटलेल्या पिल्लांसाठी असते.

त्याच दिवशी आईने आणखी एक मोठे काम काढले. घरातल्या सगळ्या वाकळी, चादरी, पडदे, शाळेची दप्तरेसुद्धा धुवायला घेतली. पिंप रिकामे झाले. रात्री मुलींची डोकी नीट खळबळायला पाणी उरले नाही. इतका जीव टाकून केलेले काम वाया गेले, कारण ऊ डोक्यावरून पडली की एक-दोन दिवसांत मरते. तिला रक्त लागते आणि डोक्याची ऊब लागते. वाकळीत पडलेली लीख फुटून पिल्लू जगत नाही. ते सगळे पाणी डोक्यांसाठी हवे होते.

तिसरा प्रयत्न धोक्याचा ठरला. शेजारच्या बाईंनी सीताफळाच्या बिया कुटून तेलात कालवून दिल्या. हा उपाय महाराष्ट्रात जुना आहे आणि त्याने उवा मरतातही. पण ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा वरचा थर सोलवटतो. थोरलीचे डोके धुताना पाणी कपाळावरून खाली आले. तासाभरात डोळा लालभडक, पाण्याच्या धारा, उजेडाकडे बघवेना. डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब आणि मलम मिळाले, आठवड्याभरात डोळा बरा झाला. नजरेला काही झाले नाही, हे नशीब.

याच सुमारास धाकटीच्या कानामागची खाजवून झालेली जखम चिघळली आणि मानेत गाठी आल्या. शाळेत बाईंनी तिला मागच्या बाकावर एकटी बसवले, मग दोन दिवस घरीच ठेवा म्हणून सांगितले. मुलीने जेवण कमी केले. पोरीच्या डोक्यापेक्षा मनाला जास्त लागले होते.

खरी अडचण कुठे होती

जखम दाखवायला आई धाकटीला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषध बदलून द्या, हे भेसळीचे निघाले, असे तिने सांगितले. काही ठिकाणच्या उवा परमेथ्रिनला दाद देत नाहीत, हे खरे आहे. पण डॉक्टरांनी आधी दोन प्रश्न विचारले: औषध कोरड्या डोक्याला लावले की तेलकट, आणि घरात बाकी कोणाकोणाचे डोके पाहिले? दुसऱ्या प्रश्नाला आईने उत्तर दिले, दोघी मुलींचे. तिचे स्वतःचे डोके कोणी पाहिले नव्हते. आजीचे तर कोणी पाहणारच नव्हते.

सगळे प्रकरण इथे अडले होते. आजीला खाज नव्हती. बऱ्याच जणांना उवा असूनही खाज येत नाही. शिवाय पांढऱ्या केसांत पांढरी लीख डोळ्यांना दिसत नाही. आजी रोज तेल लावून घट्ट अंबाडा घाली, तिच्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागत नसे. मुलींचे डोके साफ केले की त्या रात्री पुन्हा तिच्या उशीशेजारी झोपत. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, पण केसाला केस लागला की मिनिटाला वीतभर अंतर सहज जाते.

पर्याय आणि त्यांचा हिशेब

डॉक्टरांशी बोलताना आणि नंतर घरी पाच पर्याय निघाले.

धाकटीचे टक्कल करा, असे काकांचे म्हणणे होते. त्या एका डोक्यापुरते ते काम करते, यात शंका नाही. पण आधीच वर्गात एकटी बसवलेल्या आठ वर्षांच्या मुलीला टक्कल करून शाळेत पाठवायचे आणि बाकीची डोकी तशीच ठेवायची, हे आईने ठाम नाकारले. तिचा हा नकार बरोबर होता.

रॉकेल किंवा झुरळांचा खडू डोक्याला चोळणे हा सल्लाही शेजारून आला होता. रॉकेलने टाळू भाजते आणि गॅसजवळ केस पेट घेऊ शकतात. खडूत कीटकनाशक असते, ते मुलांच्या श्वासात आणि तोंडात जाते. हे दोन्ही विचारात घेण्यासारखेच नाही.

आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या हा चौथा पर्याय. वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा तितकीच. पाणी फार लागत नाही, म्हणून आईला तो आवडला. पण १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ही गोळी देत नाहीत आणि शेंडेफळ १४ किलोचे होते. लावायचे औषध अजून एकदाही नीट लावलेले नसताना गोळ्यांकडे वळायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

उरले परमेथ्रिन, या वेळी नीट, आणि जोडीला ओल्या केसांवर फणी. फणीचे दिवस १, ५, ९, १३ आणि १७ असे सांगितले होते. यामागचा हिशेब साधा आहे. लीख सात ते दहा दिवसांत फुटते. त्यातून निघालेले पिल्लू मोठे होऊन स्वतः लिखा घालायला आणखी नऊ ते बारा दिवस घेते. दर चौथ्या दिवशी फणी फिरवली तर कुठलेच पिल्लू लिखा घालण्याच्या वयाला पोचत नाही. आईने कागदावर तारखा मांडल्या आणि तिच्या लक्षात आले की नळाला पाणीही दर चौथ्या दिवशीच येते. पाण्याची टंचाई हीच आतापर्यंतची मोठी अडचण, तिचेच वेळापत्रक झाले.

सासूला कसे सांगायचे

औषधापेक्षा हा प्रश्न अवघड होता. नवऱ्याने सांगावे असे आधी ठरले, पण आईच्या डोक्याबद्दल मुलगा काय बोलणार, म्हणून त्याने टाळले. शेवटी सुनेने स्वतःपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी उन्हात ओट्यावर बसून तिने थोरलीला स्वतःच्या ओल्या केसांतून फणी फिरवायला लावली. शेजारी आजी, समोर पांढऱ्या तसराळ्यात पाणी. फणी बुडवली की ऊ तरंगत होती. चार निघाल्या. त्या चारी आजीने स्वतः मोजल्या. मग सून म्हणाली, "आत्या, माझ्या निघाल्या, आता तुमचं बघू का? नसल्या तर मोकळं झालं." आजी थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिनेच अंबाडा सोडला. (या भागात सून सासूला आत्याच म्हणते.)

तिच्या डोक्यातून त्या दिवशी ४३ उवा निघाल्या. धाकटीच्या ३१, थोरलीच्या ९. शेंडेफळ आणि वडील यांच्या डोक्यात काही नव्हते.

प्रत्यक्ष काय केले

२८ डिसेंबर हा पहिला दिवस. थोरलीचा डोळा पूर्ण बरा झाल्यानंतरचा आणि नळाला पाणी आलेला. चार डोक्यांना औषध, चौघींनाही एकाच दिवशी. शेंडेफळाचे केस बारीक कापले आणि त्याला व वडिलांना फक्त फणी.

आधी साध्या शाम्पूने डोके दोनदा धुतले, तेल पूर्ण निघेपर्यंत. कंडिशनर या टप्प्यावर वापरला नाही, कारण त्याचा थर औषधाला आड येतो. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवले, निथळत्या केसांत औषध पातळ होते. लोशन आधी मुळांना, मग कानामागे आणि मानगुटीवर, शेवटी टोकांपर्यंत. घड्याळ लावून १० मिनिटे. डोळ्यांवर घडी केलेला रुमाल घट्ट धरून, खाली वाकून धुतले, अंगावरून वाहू दिले नाही. बाटल्या एकूण सहा लागल्या: लांब केसांच्या थोरलीला आणि आजीला दोन-दोन, बाकी दोघींना एकेक. पाणी सहा बादल्या.

मग फणी. घरातली जुनी दुहेरी फणी आईने टाकून दिली. तिचे दोन दात तुटलेले होते, तेवढ्या फटीतून पिल्लू निसटते. स्टीलची, दात एकमेकांना जवळजवळ भिडलेले असलेली फणी घेतली. प्लास्टिकच्या फणीचे दात दाट केसांत वाकतात आणि फट पडते. केस चार भागांत वाटून, बोटाएवढी बट घेऊन, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत एका दमात ओढायची. प्रत्येक ओढीनंतर तसराळ्यात बुडवून बघायचे. कमरेपर्यंतच्या केसांना ४० मिनिटे लागली. आजीचे केस विरळ, पण पांढऱ्या केसांत डोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून तिच्या डोक्यात प्रत्येक बटेवरून दोनदा फणी नेली.

संध्याकाळी, आठ तासांनी, पुन्हा पाहिले. ज्या थोड्या उवा उरल्या होत्या त्या लडखडत होत्या. म्हणजे औषध लागू पडत होते. तितक्याच चपळ दिसल्या असत्या तर हे औषध इथे चालत नाही असे समजून डॉक्टरांकडे परत जायचे होते. पुढचे दोन दिवस डोके धुतले नाही.

कपड्यांचे काम या वेळी छोटे होते. गेल्या दोन दिवसांत वापरलेले उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल आणि मुलींचे रिबन गरम पाण्यात. फण्या, कंगवे उकळीपर्यंत तापवलेल्या पाण्यात दहा मिनिटे. वाकळी दोन दिवस घडी करून बाजूला ठेवल्या, इतकेच. मुली पंधरा दिवस आजीपासून वेगळ्या अंथरुणावर.

पाचव्या दिवशी, १ जानेवारीला, ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून फणी फिरवली. कंडिशनरने ऊ जागची हलत नाही आणि फणी सरकते. आता औषध लावायचे नव्हते, त्यामुळे त्याची अडचण नव्हती. आजीच्या डोक्यात ६ पिल्ले, धाकटीच्या ४, बाकीच्यांना काही नाही.

नवव्या दिवशी पाणी आलेच नाही. कुठेतरी जलवाहिनी फुटली होती. इथे आईपुढे खरा पेच होता: उरलेल्या दोन बादल्यांत कसेबसे औषध लावायचे, की थांबायचे. मागच्या वेळी अपुऱ्या पाण्यानेच घोटाळा झाला होता. दुसरी वेळ सात ते दहा दिवसांच्या आत असली की चालते, म्हणून ती एक दिवस थांबली. दहाव्या दिवशी रात्री अकराला नळ आला. पोरींना जागे ठेवून, आजीला उठवून, चौघींना दुसरे औषध त्याच रात्री झाले. अकराव्या दिवसावर ढकलले असते तर पहिल्याच दिवसांत फुटलेल्या पिल्लांना मोठे व्हायला वाव मिळाला असता.

परिणाम

नळाची तारीख एक दिवसाने सरकली, तशी फणीचीही. चौदाव्या दिवशी आजीच्या डोक्यात २ बारीक पिल्ले, बाकी डोकी स्वच्छ. अठराव्या दिवशी, संक्रांतीला, आजी आणि धाकटी दोघी स्वच्छ. पण थोरलीच्या डोक्यात एक मोठी, पूर्ण वाढलेली ऊ निघाली.

आई घाबरली, सगळे पुन्हा सुरू झाले असे तिला वाटले. इथे उवेचा आकार पाहणे उपयोगी पडले. मागे राहिलेल्या लिखेतून आलेली असती तर आधी कधीतरी पिल्लू म्हणून सापडली असती. थोरलीचे डोके पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी रिकामे होते. एकच आणि तीही मोठी, म्हणजे बाहेरून आली असण्याचीच शक्यता जास्त. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेसाठी मुलींची आत्या (वडिलांची बहीण) तिच्या मुलीला घेऊन आदल्या दिवशी आली होती. आईने तिला फोनवर आधीच सगळे सांगून ठेवले होते, त्यामुळे भाचीच्या डोक्यात फणी फिरवायला कोणाला संकोच वाटला नाही. ते डोके स्वच्छ निघाले. मग थोरली म्हणाली, क्लासमध्ये मैत्रिणीच्या मोबाइलमध्ये डोकी जोडून बघत होतो.

मैत्रिणीच्या आईला फोन करून "आमच्या घरी झाल्या होत्या, तुमच्याकडेही एकदा पाहून घ्या" एवढेच सांगितले. तिच्याकडेही निघाल्या. थोरलीला पुन्हा औषध लावले नाही, आणखी दोनदा चार-चार दिवसांनी फणी फिरवली. दोन्ही वेळा काही निघाले नाही.

धाकटीच्या केसांवर लिखांची टरफले अजून होती. शाळेत त्यावरून पुन्हा प्रश्न आला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, जिवंत लीख टाळूला लागून असते, आणि टाळूपासून बोटभर लांब असलेले पांढरे टरफल रिकामे असते, हे आईने बाईंना केस दाखवून समजावले. लिखा दिसतात म्हणून मुलीला घरी बसवू नये, हीच आज डॉक्टरांची शिफारस आहे. धाकटी आपल्या जुन्या बाकावर परत बसली.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट म्हणजे नोव्हेंबरमध्येच, औषध आणायच्या आधी, सहाही डोकी ओल्या फणीने पाहायला हवी होती. काही तासांचे काम. त्यात आजीच्या ४३ उवा दिसल्या असत्या आणि नंतरचे चार आठवडे, थोरलीचा डोळा, धाकटीची जखम, सगळे टळले असते. कोणाकडून आल्या याची चौकशी मामाकडे करण्यात जो वेळ गेला, तो घरातल्या डोक्यांवर खर्च करायचा होता.

पाण्याबाबत दहाव्या दिवशी नशिबाने साथ दिली. दुसऱ्या औषधासाठी आठव्या दिवसापासूनच सहा बादल्या राखून ठेवायला हव्या होत्या. फणीच्या दिवशी पाणी नसेल तर मात्र अडून बसायचे कारण नाही. त्या दिवशी औषध लावायचे नसेल, तर खोबरेल तेल चोपडून कोरड्या केसांवर फणी फिरवता येते, धुणे पाणी येईल तेव्हा. हे आईला नंतर कळले.

आजीशी बोलण्याचा मार्ग चांगला निघाला, पण तो योगायोग होता. थोरलीने रोज आजीची वेणी घालायला घेतली असती, तर हा विषय एवढा अवघड झालाच नसता. आता दर रविवारी ती तेल लावून आजीच्या केसांतून स्टीलची फणी फिरवते, आणि आजी तिच्या.